पंचेचाळिशीतला व्यायाम सत्तरीपर्यंत न्यायचा तर

"कॉलेजात कबड्डी खेळायचो हो, अंग तेव्हाचं आहे," असं सांगणारे पन्नाशीचे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत दोन-तीन तरी असतात. जिन्याचे दोन मजले चढले की मात्र कठड्याला टेकून फोन बघायचं नाटक करतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा राल्फ पॅफेनबर्गर यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यातही हेच दिसलं. कॉलेजच्या संघातून खेळून पुढे बसून राहिलेल्यांना हृदयविकारापासून कसलंही जादा संरक्षण उरलं नव्हतं. उलट कॉलेजात मैदान न पाहिलेले, पण पुढच्या वयात हालचाल करत राहिलेले लोक फायद्यात होते.

मी बँकेत नोकरी केली, साठीला निवृत्त झाले आणि आता पासष्टी ओलांडली आहे. निवृत्तीच्या आधी माझ्याबरोबर चालणाऱ्यांतले काहीजण अजून चालतात, काहींचा व्यायाम निरोपसमारंभातल्या हाराबरोबरच सुकला. फरक कुठे पडला ते जवळून पाहिलंय. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ते क्रमाने लिहिते.

१. पुढे काय जातं आणि काय जात नाही

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांचा दमसास साफ घसरला. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पन्नाशीत होते. मधल्या तीस वर्षांच्या वयाने जेवढा दमसास नेला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने नेला होता! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, धावणं, सायकल असा व्यायाम दिला आणि दमसास पुन्हा विशीतल्या, झोपवण्याआधीच्या पातळीवर आला.

बँकेतली आहे म्हणून बँकेच्या भाषेत सांगते: दमसास हे चालू खातं आहे, त्यात मुदत ठेव नसते. भरणं थांबलं की शिल्लक उतरते. पण पन्नाशीत नवं खातं उघडता येतं.

थोडं काही मात्र खरोखर साठतं. डॅलसच्याच बेंजामिन लेव्हाइन यांच्या गटाने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैठं आयुष्य काढलेल्या ४५ ते ६४ वयाच्या लोकांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम केला. त्यांच्या हृदयाचा ताठपणा कमी झाला आणि दमसास सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. याच गटाने त्याआधी पासष्टीपुढच्या मंडळींना वर्षभर व्यायाम दिला होता. त्यांचाही दम सुधारला, हृदयाचा ताठपणा मात्र हलला नाही. म्हणून सत्तरीची तयारी पंचेचाळिशीत करायची. साठी उलटलेल्यांनी हे वाचून निराश होऊ नये. दम, ताकद आणि तोल कुठल्याही वयात सुधारतात.

या सगळ्याहून जास्त खात्रीने पुढे जाते ती सवय. पण ती कशाला बांधली आहे यावर तिचं आयुष्य ठरतं. तो भाग सहाव्या पायरीत येईल.

२. बूट घेण्याआधी कागद गोळा करा

फॅमिली डॉक्टरांकडे जाताना हे सोबत न्या:

– गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन
– आठवडाभर घरी घेतलेल्या ब्लड प्रेशरच्या नोंदी
– जुना ईसीजी असेल तर तो
– चालू गोळ्यांची यादी (आयुर्वेदिक काढे आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहा, लपवू नका)
– गुडघा, कंबर, मान यांचे जुने एक्स-रे
– आईवडील आणि भावंडांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तो कितव्या वर्षी, ही माहिती

मधुमेह, ब्लड प्रेशर, हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दडपण येत असेल, तर ही भेट टाळू नका. ईसीजी पुरे की स्ट्रेस टेस्ट हवी, हे डॉक्टर ठरवतील. बाकीच्यांनी साधं चालणं सुरू करायला रिपोर्टांची वाट बघत महिना घालवायची गरज नाही.

दोन गोष्टी स्वतःहून विचारा, कारण गर्दीच्या ओपीडीत त्या राहून जातात. एक, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. तुमची गोळी तशी असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावरून व्यायामाचा जोर ठरवू नका. दोन, मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते. तशी गोळी असेल तर खिशात ग्लुकोजची किंवा साखरेची पुडी हवीच. चतुर्थी-एकादशीचा उपास करून लांब चालायला जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

"मी तर बारीक आहे, मला कशाला व्यायाम?" हा आपल्याकडचा लाडका सापळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर स्वतःचंच उदाहरण दिलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या लंडनच्या सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरं सांगते. आपल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर धरतात.

३. चार चाचण्या, वहीत तारीख टाकून

या घरी करता येतात. पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

एका पायावर उभं राहणं. भिंतीजवळ उभं राहा, पण टेकू नका. दहा सेकंद जमतात का बघा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या लोकांचा असा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण पाचातल्या एकाला हे जमलं नव्हतं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. नाही जमलं तर घाबरू नका. तोल सरावाने येतो.

खुर्चीतून उठणं. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता ते मोजा. ६० ते ६४ वयाला बायकांचे १२च्या आणि पुरुषांचे १४च्या खाली आले तर ते सरासरीहून कमी मानतात. तुम्ही पन्नाशीचे असाल तर त्याच्या बरंच वर असायला हवं.

जमिनीवरून उठणं. मांडी घालून बसा आणि उठा. हात, गुडघा, सोफ्याची कड, यांतलं काय काय टेकावं लागलं ते लिहा.

ठरावीक अंतर चालणं. आपल्या मैदानाची एक फेरी भराभर चालायला किती मिनिटं लागली.

दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा. गुढीपाडवा आणि दसरा या तारखा मी धरल्या आहेत, लक्षात राहतात.

४. ऑफिस तुमच्याकडून किती व्यायाम करून घेतं ते मोजा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि निवृत्तीनंतरची घसरण इथेच सुरू होते.

लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिना चढत नव्हते. नोकरीच तशी होती.

मुंबईच्या लोकलने जाणारा माणूस तसाच आहे. घर ते स्टेशन, रेल्वेचा पूल, फलाट बदलला की धावाधाव, सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या ऑफिसपर्यंत पायपीट, शिवाय डब्यात तासभर उभं राहून तोल सांभाळणं. यातलं काहीच आपण व्यायामात धरत नाही. राज्य सरकारी नोकरी बहुतेकांची ५८ला संपते, केंद्र सरकार आणि बँकांची ६०ला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं एका फटक्यात बंद. माणूस म्हणतो, "निवृत्त झालो आणि गुडघे धरले."

म्हणून आत्ताच करा: कामाच्या पाच दिवसांची पावलं फोनवर मोजा, मग रविवारची मोजा. दोन्हींतला फरक हा तुमचा 'ऑफिसचा व्यायाम'. निवृत्तीनंतर तेवढी भरपाई करावी लागणार आहे.

पावलांचा विषय निघालाच आहे तर, दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आला. वयस्क अमेरिकन बायकांच्या २०१९च्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला होता. दहा हजार होत नाहीत म्हणून सहा हजारही सोडून देणारे लोक मी पाहिलेत.

५. आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि किमान दोन दिवस ताकदीचा. पासष्टीनंतर त्यात तीन दिवस तोलाचा सराव. मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. शेजारणीबरोबर सोसायटीच्या सभेचा अख्खा वृत्तांत अडखळल्याविना सांगून होत असेल, तर ती फेरी गप्पांची झाली.

चालणं आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाजी पार्क, रंकाळा, अंबाझरी, पणजीचं मिरामार, प्रत्येक गावाची जागा ठरलेली आहे. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. गुडघा कुरकुरत असेल तर चढा नेहमीसारखं, उतरताना मात्र सावकाश आणि कठडा धरून. उतरणं गुडघ्याला जास्त जाचतं.

आपल्या लोकांचं खरं दुर्लक्ष ताकदीकडे आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो. नुसत्या चालण्याने हे भरून येत नाही. बायकांची हाडं पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भराभर विरळ होतात. त्यांना तर वजनाचा व्यायाम औषधाइतका गरजेचा. "मी दिवसभर ओट्याशी उभीच असते की!" हे वाक्य मी स्वतःच्या घरात, माहेरी आणि सासरी तिन्हीकडे ऐकलंय. पोळ्या लाटून मांडीचे स्नायू वाढत नाहीत, बाई.

सुरुवातीला एवढंच, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस सोडून:

– खुर्चीतून उठ-बस, ८ ते १२ वेळा
– भिंतीला हात टेकून दंड. सोपे झाले की ओट्याला टेकून
– ओटा धरून टाचा वर उचलणं
– रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून आपल्याकडे ओढणं
– दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन घरात फेऱ्या

प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. १२ सहज व्हायला लागले की वजन किंवा फेरी वाढवा. वर्षभर तेच वजन तेवढ्याच वेळा उचलत राहिलात तर प्रगती तिथेच थांबेल.

सामान: टाचेला घट्ट बसणारे बूट, सतरंजी, न डगमगणारी बिनचाकाची खुर्ची, रबरी पट्टा, एक लिटरच्या दोन बाटल्या (भरल्या की प्रत्येकी एक किलो). बाकी जाहिरातींतलं काही लागत नाही. घरच्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घातलेले तुम्हीही पाहिले असतील.

सूर्यनमस्कार आपल्या मातीतला व्यायाम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा ध्यास घेऊन प्रसार केला. दम, ताकद आणि लवचीकपणा यांना त्याचा एकत्र उपयोग होतो. पण रथसप्तमीला उत्साहात १०८ घालायचे आणि फाल्गुनभर खांदा शेकत बसायचं, असं करू नका. चारपासून सुरू करा. काचबिंदू असेल किंवा ब्लड प्रेशर आटोक्यात नसेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थितींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक फुकटचा व्यायाम. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड घरात आल्यापासून आपलं दिवसातून पाच-सहा वेळा जमिनीवर बसून उठणं संपलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर निदान सकाळचा पेपर सतरंजीवर बसून वाचा.

६. व्यायाम कशाला बांधायचा

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या २०१०च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं काही बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर स्वतःला नावं ठेवू नका.

त्या अभ्यासात प्रत्येकाने नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली होती. आपणही तसंच करायचं, पण निवड पुढची वीस वर्षं डोळ्यासमोर ठेवून. ऑफिसच्या जिममध्ये, लंच टाइमला, कंपनीच्या बसमधून एक स्टॉप आधी उतरून, असे बेत लगेच सुरू होतात म्हणून मोहाचे वाटतात. नोकरीबरोबर तेही जातात. सकाळचा चहा, देवपूजा, संध्याकाळचा दिवा, सातच्या बातम्या यांना निवृत्ती नसते. ताकदीचे दोन वार ठरवा आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी खूण करा.

सोबत हवी, पण एकाच माणसावर सगळं टाकू नका. माझ्या ओळखीतल्या एका जोडगोळीतली एक मुलाकडे बंगळुरूला राहायला गेली आणि दुसरीने त्याच आठवड्यापासून चालणं सोडलं. तीन-चार जणी असाव्यात, आणि आठवड्यातून एखादा दिवस मुद्दाम एकटीने जावं. कट्ट्याचा सापळा वेगळाच: चालणं वीस मिनिटं, वडापाव-चहा चाळीस मिनिटं.

स्पर्धेचंही सांगते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, साताऱ्याची हिल मॅरेथॉन किंवा वारीतला पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा, यांच्यासाठी तयारी करायला मजा येते, जरूर करा. पण तो दिवस उलटला की बूट कपाटात जातात. नाव नोंदवतानाच पुढच्या आठवड्याचा बेत लिहून ठेवा.

७. खंड पडणारच

कोकण, मुंबई आणि घाटमाथ्याकडे जून ते सप्टेंबर चालण्याचे वांधे. शेवाळलेल्या रस्त्यावर शूरपणा नको. पोडियम पार्किंग, जिना, घरातल्या घरात सूर्यनमस्कार, उड्डाणपुलाखालची कोरडी पट्टी, काहीतरी मेमध्येच ठरवून ठेवा. मग गणपती, दिवाळी, लग्नसराई. या दिवसांत पूर्ण व्यायाम होत नाही हे धरूनच चाला आणि एक किमान ठेवा: दहा मिनिटं आणि दहा उठ-बस. घरात पाहुणे असले तरी तेवढं होतं.

मुलांकडे अमेरिकेला सहा महिने नातवंडं सांभाळायला जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. न्यू जर्सीच्या थंडीत बाहेर पडणं होत नाही, रस्त्याला काही ठिकाणी फुटपाथही नसतो. रबरी पट्टा बॅगेत आधी टाका, लोणच्याच्या बरण्या नंतर.

आजारपणाचा खंड सगळ्यात घातक. डॅलसचे ते तीन आठवडे आठवा. ते विशीतले होते, आपण साठीचे. ताप असताना व्यायाम अजिबात नको. डॉक्टरांनी मोकळीक दिली की नेहमीच्या निम्म्यापासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखू शकतात, तेव्हा आणखी धीराने. ऑपरेशन होऊन घरी येत असाल तर डिस्चार्जच्या कागदाबरोबर फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागा. मागितल्याशिवाय ती बहुधा मिळत नाही.

८. निवृत्तीचे पहिले सहा महिने

शेवटच्या दिवसाच्या साधारण वर्षभर आधी व्यायामाची वेळ निवृत्तीनंतर जमेल अशी करून घ्या. ऑफिसला जाताना उठता तेव्हाच उठत राहा. "आता दिवस आपलाच आहे, कधीही करू" म्हटलं की तो दुपारच्या झोपेपलीकडे सरकतो आणि मग उद्यावर.

चौथ्या पायरीत काढलेला फरक इथे वापरा. समजा ऑफिसच्या दिवशी सात हजार पावलं होती आणि रविवारी तीन हजार. तर चार हजार पावलांची नवी कामं शोधा. भाजी एकदम आठवड्याची आणू नका. बँकेचं पासबुक चालत जाऊन भरा (आमच्या लोकांना थोडा त्रास होईल, होऊ द्या). नातवाला शाळेतून आणायची जबाबदारी घ्या.

९. पासष्टीनंतर काय बदलायचं

चालण्याचा वेग हळूहळू कमी होईल, होऊ द्या. ताकदीचे दोन दिवस सोडू नका आणि तोलाचे तीन दिवस वाढवा: ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून सरळ रेषेत चालणं, बाजूला पावलं टाकणं. दात घासताना एका पायावर उभे राहत असाल तर बाथरूम कोरडं हवं आणि एक हात बेसिनवर.

"गुडघे झिजलेत, आता बसून राहा," असा सल्ला नातेवाइकांकडून मिळेल. झिजलेल्या गुडघ्यालाही मांडीचे स्नायू बळकट झाले की आराम पडतो. कुठल्या कोनापर्यंत वाकायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

व्यायामात छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकदम गरगरणं, नेहमीपेक्षा फार दम लागणं यांतलं काही झालं तर जागीच थांबा, बसा आणि कुणाला तरी हाक मारा. "गॅसेस असतील" म्हणून फेरी पूर्ण करायला जाऊ नका. मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय बघा. फोड आलेला कळत नाही. चालायला जाताना खिशात फोन आणि घरच्यांचा नंबर, तुमचं नाव व गोळ्या लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोन लॉक असतो, चिठ्ठी कुणालाही वाचता येते.